वारसा आणि तोल : एका दुर्मिळ आनुवंशिक मेंदूरोगाची ओळख

वारसा हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे शेताचा सातबारा, घराची वाटणी, आजीच्या पेटीतला एखादा दागिना अशा गोष्टी उभ्या राहतात. कोणी आजोबांचे नाक घेऊन जन्माला येतो, कोणी वडिलांचा आवाज. याच वाटेने काही आजारही पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतात. त्यांची नोंद मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. अशाच एका आजाराचा परिचय करून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मी कला शाखेचा, समाजशास्त्राचा विद्यार्थी. अशा विद्यार्थ्याने मेंदूविषयी आणि प्रथिनांविषयी लिहावे हे कित्येकांना अधिकाराबाहेरचे वाटेल. परंतु हा विषय माझ्याकडे आजोळच्या वाटेने आला. म्हणून आधी ती हकीकत सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

मामाची चाल

माझे आजोळ वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, असे तिथले वर्ष. मामा चाळिशीच्या आसपास असताना बांधीच्या धुऱ्यावरून चालताना त्याचा पाय घसरू लागला. पुढे सपाट रस्त्यावरही तो दोन पायांत अंतर ठेवून, डुलत डुलत चालू लागला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बंदीच्या जिल्ह्यात डुलत चालणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे सांगायला नको. मामा माळकरी, दारूला कधी शिवला नाही. तरी गावात 'मोहाची घेतली असेल' हीच चर्चा. एकदा कागदाच्या कामासाठी एका कचेरीत गेला असता तिथल्या माणसाने त्याला दारूडा समजून दारातूनच परत लावले. त्या दिवशी घरी येऊन तो मला एवढेच म्हणाला, "मी पेलो नाही रे बाबू."

वर्षभराने त्याची जीभ जड झाली. शब्द लांबत, तुटत. त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. मग कोणी सांगितले की ही करणी आहे. पुजाऱ्याकडे जाणे झाले, कोंबडे झाले, आणि गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचे नाव कुजबुजत घेतले जाऊ लागले. आजीने ते बोलणे तोडून टाकले म्हणून पुढचा अनर्थ टळला. आजीला ठाऊक होते की आजोबाही असेच चालत असत.

अखेर मामाला नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी त्याला नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगितले, एका रेषेत चालायला सांगितले, मेंदूचे चित्र काढले. "लहान मेंदू झिजत चालला आहे. वडिलांनाही होते, म्हणजे घराण्यातून आलेले दिसते," असे ते म्हणाले. अशा रोगांची त्यांनी एक यादीच सांगितली. त्यात अधिक आढळणारे निरनिराळे आनुवंशिक तोलविकार आधी होते आणि सर्वांत शेवटी एक लांबलचक परदेशी नाव होते : गर्स्टमन-स्ट्रॉइस्लर-शाइनकर. नेमका कोणता रोग हे जनुकांच्या चाचणीने कळेल, असे त्यांचे मत पडले. ती चाचणी व्हायची राहिली, आणि पुढच्याच वर्षी मामा गेला.

त्याची मुलगी आज बावीस वर्षांची आहे. तेराव्याच्या दिवशी मागच्या अंगणात तिने मला विचारले, "मले बी होईन का, दादा?"

त्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून वाचू लागलो. मामाचा आजार यादीतल्या आधीच्या नावांपैकी असण्याचाच संभव अधिक. ते डॉक्टरांनीही सांगितले होते. तरी मी शेवटच्या नावापाशी थबकलो. कारण त्या एका दुर्मिळ रोगाच्या अभ्यासातून आनुवंशिकता म्हणजे काय आणि माणसे तिला का भितात, हे मला जितके उमगले तितके दुसऱ्या कशातून उमगले नाही.

व्हिएन्नातील एक घराणे

या रोगाची हकीकत ऑस्ट्रियात सुरू होते. व्हिएन्ना येथील मेंदूरोगतज्ज्ञ योझेफ गर्स्टमन यांनी १९२८ साली एका तरुण स्त्रीच्या विचित्र तोलविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९३६ साली त्यांनी स्ट्रॉइस्लर आणि शाइनकर या सहकाऱ्यांसह तिच्या घराण्याचा अभ्यास मांडला. वैद्यकीय ग्रंथांत हे घराणे केवळ 'एच' या अक्षराने ओळखले जाते. एकामागून एका पिढीत तेच डुलणे, तीच जड जीभ, तोच शेवट. तिघांच्या नावांवरून रोगाला नाव पडले. कारण मात्र त्यांना कळणे शक्य नव्हते. ते कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९८९ साली अमेरिकेतील संशोधकांनी या रोगाच्या घराण्यांत विसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बदल असल्याचे दाखवले, आणि थोड्याच काळात तोच बदल मूळच्या 'एच' घराण्यातही सापडला.

हा रोग फार विरळा आहे. दर दहा कोटी लोकांत एक ते दहा, असा त्याचा अंदाज दिला जातो.

लक्षणे कशी येतात

रोग जन्मापासून सोबत असतो, पण दिसत नाही. माणूस शिकतो, लग्न करतो, त्याला मुले होतात. बहुधा तिशी ते साठी या दरम्यान लक्षणे सुरू होतात. एकाच घराण्यात एका भावाला पस्तिशीत तर दुसऱ्याला साठीत, असेही घडते.

पहिला घाला तोलावर पडतो. आपल्या मेंदूच्या मागच्या खालच्या भागात लहान मेंदू असतो. चालताना कोणता स्नायू केव्हा किती आवळायचा, याचा हिशेब तो ठेवतो. त्याचा हिशेब चुकू लागला की पाय फाकवून चालावे लागते, वळताना तोल जातो, जिना उतरताना भिंत धरावी लागते. पुढे हातांचा नेम चुकतो : कुडत्याची गुंडी लागत नाही, पाण्याचा पेला तोंडाशी नेताना हिंदकळतो, सही बदलते. पायांत मुंग्या, जळजळ किंवा विनाकारण दुखणे हे काही रुग्णांना अगदी आधीपासून जाणवते. गुडघ्याखाली हातोडी मारली असता पाय उडायला हवा, तो कित्येकदा उडत नाही.

दुसरा घाला वाणीवर. शब्द आठवतात, पण जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. बोलणे अडखळत आणि सुरात तुटक होते. त्याच स्नायूंच्या गोंधळामुळे पुढे गिळणेही अवघड होते. पाणी पिताना ठसका लागतो, अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो. अशा रुग्णांचा अंत पुष्कळदा न्यूमोनियाने होतो तो याच कारणाने. डोळ्यांची बुबुळे एका जागी स्थिर न राहता हेलकावतात, त्यामुळे वाचणे कठीण जाते.

तिसरा घाला बुद्धीवर, आणि तो बहुधा उशिरा येतो. विचार मंदावतो, विसराळूपणा वाढतो, स्वभाव पालटतो, शेवटी स्मृतिभ्रंश होतो. अंग ताठरते, हालचाली संथ होतात. क्रम सर्वत्र सारखा नसतो; काही रुग्णांत बुद्धीचा ऱ्हासच आधी दिसतो. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः दोन ते दहा वर्षे आयुष्य राहते, सरासरीने पाचेक वर्षे.

यातले सर्वांत करुण असे काही असेल तर हा क्रमच होय. पाय आणि जीभ आधी जातात, समज मागे राहते. लोक आपल्याला दारूडा म्हणत आहेत हे त्या माणसाला पुरते कळत असते, आणि तसे नाही हे सांगायला निघावे तर त्याची जीभच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

प्रथिनाची बिघडलेली घडी

आता कारणाकडे वळू. आपल्या शरीरातील प्रथिने अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांची बनलेली असतात. मराठीच्या विद्यार्थ्यांना समजेल असे सांगायचे तर अमिनो आम्ले ही अक्षरे आणि प्रथिन हे वाक्य. जनुक म्हणजे ते वाक्य कसे लिहावे याची प्रत. मेंदूच्या पेशींवर प्रायॉन नावाचे एक प्रथिन प्रत्येक निरोगी माणसातही असते. त्याचे मूळ वाक्य २५३ अक्षरांचे. गर्स्टमन-स्ट्रॉइस्लर-शाइनकर रोगात बहुतांशी त्यातले १०२ वे अक्षर बदललेले आढळते : प्रोलीनच्या जागी ल्युसीन. 'दिन' लिहिताना वेलांटी चुकली की 'दीन' होतो, तसाच हा प्रकार. अक्षर एकच, अर्थ पालटला.

प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. बदललेले अक्षर असलेले हे प्रथिन चुकीच्या घडीत दुमडण्याकडे कलते. येथवरचे एक वेळ समजण्यासारखे आहे. पण याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. चुकीची घडी पडलेले प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखेच दुमडते. आपल्याकडील बुरड कारागीर टोपली विणत असताना एक कामटी भलत्या बाजूने वळली, तर पुढची कामटी तिच्याच वळणाने बसते आणि अखेर टोपलीच वाकडी होते. मेंदूत अशा वाकड्या प्रथिनांच्या गाठी साचतात, पेशी मरतात.

कोणताही विषाणू नाही, जंतू नाही, निव्वळ एक प्रथिन स्वतःचे वळण पसरवते, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली 'प्रायॉन' हा शब्द घडवून मांडली तेव्हा पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. १९९७ साली त्यांना याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. असा रुग्ण शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याची शुश्रूषा केल्याने रोग जडत नाही. आजारी मेंदूचा अंश दुसऱ्याच्या शरीरात गेला तरच धोका. म्हणून मेंदूवरील शस्त्रक्रियांत विशेष दक्षता घेतात. घरच्यांनी दूर बसण्याचे काहीच कारण नाही.

एक जनुक, अनेक वाटा

याच जनुकातील निराळ्या चुकांनी निराळे रोग होतात. इटलीतील बोलोन्या येथील एलिओ लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एका घराण्यातील जीवघेण्या निद्रानाशाचे वर्णन केले. त्यात मध्यम वयात माणसाची झोपच हरपते. घाम सुटतो, नाडी धावते, रक्तदाब चढतो, जागेपणी स्वप्ने पडावीत तशी अवस्था होते, आणि बहुधा वर्ष-दीड वर्षात शेवट होतो. झोपेच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, कारण झोपेचे नियमन करणारा मेंदूतील थॅलॅमस हा भागच नष्ट होत असतो. पुढे १९९२ साली कळले की येथे १७८ वे अक्षर चुकलेले असते. नवल असे की हीच चूक काही घराण्यांत निद्रानाश न आणता क्रॉइट्सफेल्ट-याकोब नावाचा झपाट्याने बुद्धी नेणारा रोग आणते. यापैकी कोणती वाट धरायची हे १२९ व्या जागेवर कोणते अक्षर आहे यावर ठरते, आणि त्या जागेवर निरोगी माणसांतही दोन पर्याय असतात.

क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचे बहुसंख्य रुग्ण आनुवंशिक नसतात. जगभर दर वर्षी दहा लाखांत एक-दोघांना तो होतो, आणि त्यांतील दहा-पंधरा टक्केच घराण्यातून आलेले असतात. आपल्याकडेही हा रोग आहे. मुंबईचे डॉ. भीम सिंघल आणि डॉ. दारब दस्तूर यांनी पश्चिम भारतातील या रोगाविषयीचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध केला. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतही या रोगांचा अभ्यास झाला आहे.

फोरे लोकांचा कुरू

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला या रोगांच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण सापडते ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ अरण्यात. तेथील फोरे जमातीत माणसे थरथरत, तोल जाऊन पडत आणि वर्षाच्या आत मरत. ते या रोगाला कुरू म्हणत. १९५७ साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्ल्टन गायडुसेक या डॉक्टरांनी त्याचे वर्णन जगापुढे आणले. मरण पावलेल्या आप्ताचे शरीर अंत्यविधीत खाण्याची त्या लोकांत चाल होती. ती प्रेमापोटी पाळली जाई. मेंदूचा भाग मुख्यत्वे स्त्रियांच्या आणि मुलांच्या वाट्याला येई, आणि रोगही त्यांनाच अधिक होई. चाल बंद पडल्यावर कुरू ओसरत गेला. तरी काहींत तो पन्नास वर्षांनीही उपटला. १९५७ नंतर सुमारे २,७०० माणसे त्याला बळी पडली. गायडुसेक यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मला भिडला तो दुसराच तपशील. फोरे लोक कुरू हा चेटकाचा प्रताप मानत, आणि चेटूक केल्याच्या संशयावरून माणसांना ठार मारीत. म्हणजे एका बाजूला रोग मारीत होता, दुसऱ्या बाजूला रोगाचे खोटे कारण मारीत होते. हे वाचताना मला आजोळच्या अंगणातली ती कुजबुज आठवली. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. परंतु जोवर एखाद्या डुलणाऱ्या माणसाच्या घरच्यांना खरे कारण त्यांच्या भाषेत कोणी सांगत नाही, तोवर पुजाऱ्याचे कारण हेच एकमेव कारण राहणार.

आपल्या जिल्ह्यांतला वारसा

येथवर वाचून कोणी म्हणेल की दहा कोटींत दहा जणांच्या रोगाशी चंद्रपूर-गडचिरोलीचा काय संबंध? संबंध आहे. एका अक्षराच्या चुकीने होणारा दुसरा एक आनुवंशिक रोग आपल्या अगदी उंबरठ्याशी आहे. त्याचे नाव सिकलसेल.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अक्षरे असतात. त्यातले सहावे अक्षर बदलले, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले, की प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, पोट, छाती यांत असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार ताप ही त्याची लक्षणे. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये ही एका अक्षराची चूक दाखवून दिली. मध्य भारतात हे रक्त आढळल्याचे नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच नोंदवले होते. पुण्याचे डॉ. स. ल. काटे यांनी पुढे महाराष्ट्रातील आदिवासी जमातींत याचा विस्तृत अभ्यास केला. गोंड, माडिया, परधान आणि इतरही अनेक समाजांत हा वारसा आहे.

दोन्ही रोगांत एक मोठा भेद आहे, आणि माझ्या लेखाचा गाभा त्यातच आहे. आनुवंशिक प्रायॉन रोग प्रभावी पद्धतीने उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून चुकीची प्रत आली तरी पुरते. प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी, जणू नाणे उडवावे तशी. सिकलसेल अप्रभावी पद्धतीने उतरतो. चुकीची प्रत दोघांकडूनही यावी लागते. एकच प्रत असलेला माणूस वाहक म्हणवतो आणि बहुधा ठणठणीत असतो. एक वाहक आणि एक निरोगी असे जोडपे असेल तर कोणत्याही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता चारांत एक.

वारसा केवळ शाप असतो असेही नाही. सिकलसेलच्या वाहकाला मलेरियाच्या घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. मलेरियाच्या जंगलात हे रक्त का टिकले त्याचे कोडे त्यातून उलगडते. फोरे लोकांच्या प्रदेशातही असेच घडलेले दिसते. प्रायॉन प्रथिनातील १२७ वे अक्षर बदललेली काही माणसे तेथे सापडली, आणि तो बदल कुरूपासून संरक्षण देणारा असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मरणाच्या छायेत राहिलेल्या समाजाच्या रक्तात त्याची ढालही घडत असते.

कळावे की न कळू द्यावे?

मागल्या वर्षी एका आरोग्य शिबिरात आम्हा विद्यार्थ्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पुढची खात्रीची चाचणीही झाली. माझ्या कार्डावर लिहून आले : वाहक. घरी दाखवले तेव्हा आई दचकली. म्हणाली, "पेटीत ठेव ते. सोयरीक होईपर्यंत कोणाले दाखवू नको." तिचा मी राग धरला नाही. 'रक्तात दोष' ही दोन अक्षरे गावात एकदा पसरली की बहिणीच्या सोयरिकीवरही पाणी पडते, हे ती पाहत आली आहे.

त्याच सुमारास मी सोनिया वल्लभ या अमेरिकन स्त्रीविषयी वाचले. तिची आई २०१० साली झपाट्याने आलेल्या स्मृतिभ्रंशाने गेली. पुढे कळले की तो प्रायॉन रोगच होता, १७८ व्या अक्षराचा. सोनियाने २०११ साली स्वतःची चाचणी करवली. चूक तिच्याकडेही आली होती. ती शिकली होती कायदा. तिचा नवरा एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनाचे काम करी. दोघांनीही आपले व्यवसाय सोडले, जीवशास्त्र पहिल्यापासून शिकले, डॉक्टरेट मिळवली आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट या संस्थेत याच रोगावर संशोधन सुरू केले. त्यांचा मार्ग साधा आहे : चुकीची घडी पसरायला मुळात प्रायॉन प्रथिन लागते, तेव्हा मेंदूत ते तयार होण्याचे प्रमाणच कमी करावे. उंदरांत या उपायाने आयुष्य वाढले. या प्रकारचे एक औषध २०२३-२४ मध्ये माणसांवरील चाचणीच्या पहिल्या पायरीवर आले. रोग बरा करणारे सिद्ध औषध अद्याप नाही.

म्हणजे या रोगात भविष्य कळूनही आज हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच अशा चाचणीपूर्वी समुपदेशन आवश्यक मानतात, अजाण मुलांची चाचणी करीत नाहीत, आणि न जाणून घेण्याचा हक्कही मान्य करतात. सोनियाने जाणून घेतले; तिच्याच जागी असलेल्या कित्येकांनी नाही म्हटले. दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या सिकलसेलची स्थिती याच्या अगदी उलट आहे. येथे जाणून घेतल्याने प्रत्यक्ष लाभ आहे. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. भरपूर पाणी, वेळेवर लसी, तापाकडे तात्काळ लक्ष यांनी जीव वाचतात. लग्नापूर्वी दोघांची कार्डे पाहिली तर पुढचे दुःख टाळता येते. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर करून २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु मोहीम रक्त तपासून कार्ड देऊ शकते, पेटीचे झाकण ती उघडू शकत नाही. ते काम आपले, आपल्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींचे आहे.

ज्या वारशावर उपाय नाही तो उघड करावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ज्या वारशावर उपाय आहे तो लाजेपोटी लपवणे हे मात्र पुढच्या पिढीचे देणे बुडवणे होय. या अभ्यासातून मी एवढे शिकलो. माझे कार्ड मी पेटीतून काढले आहे. आईची समजूत घालणे चालू आहे.

राहिला मामेबहिणीचा प्रश्न. ती आता नर्सिंगचा अभ्यासक्रम करते आहे. दिवाळीत गेलो तेव्हा जे वाचले ते तिला सांगितले : आजोबांना, मग बाबांना, म्हणजे वारसा बहुधा प्रभावी पद्धतीचा, तेव्हा शक्यता निम्मी, नागपूरला समुपदेशन घेऊन चाचणी करता येईल, आज नको असेल तर आज नको, कधीच नको असेल तरी चालेल. तिने सगळे ऐकून घेतले. चाचणीचे पुढे पाहू म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "माहा बाबा पेत नव्हता, एवढं तं गावाले सांग, दादा."

गावात मी ते सांगितले. येथेही सांगतो. आपल्या गावी, बसस्थानकावर, एखाद्या कचेरीच्या दारात कोणी पाय फाकवून डुलत येताना दिसला, तर नाक मुरडण्याआधी त्याला बसायला जागा द्यावी आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे. त्याला सांगायचे असते, पण वेळ लागतो.